मोतिया रंगापुढची फुली

जोतीराम ड्रायव्हरला इंग्रजी वाचता येतं, ही गोष्ट गावात अगदी पक्की होती. निदान जोतीरामला तरी तसं वाटायचं.

इस्लामपूरपासून दोन कोसांवरचं ते उसाचं गाव. घरटी एक माणूस पलटणीत. त्यामुळं तारा यायच्या, बदलीचे कागद यायचे, औषधांच्या बाटल्या यायच्या, आणि ते सगळं पदराखाली घेऊन बायाबापड्या जोतीरामला गाठायच्या. पंधरा वर्षं पलटणीत ट्रक हाकून आलेला गडी तो. पायात बूट, डोक्यावर तिरकी टोपी, तोंडात सारखं 'राइट', 'ओके' आणि 'नो प्राब्लेम'. अशा माणसाला इंग्रजी येणार नाही तर काय भजनी मंडळाला येणार?

आणि त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं. इंग्रजी सोडा हो, मराठीसुद्धा नाही. पलटणीत शाळेचा तास असायचा, पण त्या वेळेला जोतीराम नेमका ट्रकखाली उताणा. "साब, तेल गळतंय." गळत काही नसायचं. लहानपणी शाळेत मास्तरांनी सगळ्यांसमोर हसून त्याला घरी लावून दिलं होतं, तेव्हापासून पाटी बघितली की तो पळ काढायचा. आकडे तेवढे यायचे. सही एका हवालदारानं घोटून दिली होती, ती तो चित्र काढावं तशी काढायचा. रस्त्यावरच्या पाट्या खुणेनं ओळखायचा. तीन अक्षरं आणि तिन्हींना काना असला की सातारा. पहिल्याच अक्षराच्या डोक्यावर टिंब असलं की सांगली. एवढ्यावर माणसानं वीस वर्षं गाडी चालवली. चूक एकदाही झाली नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे.

तार वाचायची त्याची तऱ्हा बघण्यासारखी होती. धोंडुबाई म्हणून एक म्हातारी होती, तिचा लेक पठाणकोटला. ती तार घेऊन आली की जोतीराम कागद लांब धरायचा, मग जवळ धरायचा, "हं... हं..." करायचा आणि मधेच विचारायचा, "काकू, पोरगं मागं रजेचं कवा म्हणत हुतं?"

"दिवाळीला म्हणत हुतं बाबा."

"मग तेच हाय. लीव्ह. लीव्ह म्हंजी रजा. येतंय."

आणि शेजारी उभ्या तारवाल्याचा चेहरा बघून काही वाईट वाटलं, तर म्हणायचा, "हितं शिक्का लय पुसट झालाय काकू. मास्तराला भिंग घालून बघायला सांगा." म्हातारी मान हलवून जायची. असा सगळा कारभार.

जोतीराम ज्यांची जीप चालवायचा ते आप्पासो. पन्नाशी उलटलेले, बागायती ऊस, बोलायला कमी. त्यांचा लेक हंबीरराव पुण्याला कॉलेज करून आला होता आणि येताना एक खूळ घेऊन आला होता. स्पोर्ट गाडी! दोन दारांची, बसकी, कापडी टप मागं सारला की उघडी होणारी. साताऱ्याच्या विजयमालाशी त्याचं लग्न ठरलं, तेव्हा तर तो हट्टालाच पेटला. नवरी आणायची ती त्याच गाडीतून.

"आरं, बैलगाडीला बी माणूस ऊन लागतंय म्हणून टप घालतंय," आप्पासो म्हणाले, "आन तुला टप काढायची मोटार पायजे?" पण एकुलता एक लेक. सत्तर साल सरता सरता बापलेक आणि जोतीराम, तिघंही सांगलीच्या एजन्सीत जाऊन बसले.

एजन्सीचे मालक तात्या म्हणून होते, गोड बोलणारे. त्यांच्या केबिनच्या बाहेर एका टेबलाशी टाइप करणारी बाई होती, गोदावरी. तिशीची, जाड चष्मा, पांढरं पातळ, बोलणं हळू. तिनं रंगांचा तक्ता पुढं केला. पेराएवढे सहा चौकोन आणि प्रत्येकापुढं एक रिकामी चौकट.

हंबीररावानं एका चौकोनावर बोट ठेवलं आणि तिथून हलवेना. "हा. मोतिया. बघायला गेलो तवा तिनं ह्याच रंगाचं पातळ नेसलं हुतं." बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं. आप्पासो दुसरीकडं बघायला लागले.

मग वरच्या सामानाची यादी आली. ही गाडीबरोबर फुकट येत नाही, पाहिजे ते सांगायचं. हंबीरराव यादी वाचत गेला. रेडिओ, दोन आवाजी हॉर्न, धुक्यातले दिवे, मागचं कॅरियर, हीटर, सिगारेटचा लायटर, सीटची कव्हरं, खिडक्यांचे पडदे. आठ कलमं.

"हीटर म्हंजी?" आप्पासोंनी विचारलं.

"गाडीतली शेगडी."

"वैशाखात लगीन, आन गाडीत शेगडी? नवरी आणतुयास का बाळंतीण?"

गोदावरीसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. हंबीरराव म्हणाला, "त्यो हीटर तेवढा सोड जोतीराम, वरनं पाचवा. बाकी सगळं पायजे. आन रंग मोतिया. तेवढा फॉर्म भर, तुला इंग्रजी येतंय." आतून तात्यांनी सरबताला हाक मारली म्हणून बापलेक केबिनकडं निघाले. दारापाशी आप्पासो थांबले. मागं वळून जोतीरामकडं बघितलं, काही बोलणार असं वाटलं, पण आत गेले.

टेबलाशी जोतीराम आणि गोदावरी दोघंच राहिली.

"मामा, मी वाचून दाखवू का?" ती म्हणाली. "एकेक कलम सांगते. तुम्ही नुसतं हो-नाही म्हणा."

आता ह्यात काय होतं हो? हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच सरळ झालं असतं. पण जोतीरामची मान ताठ झाली.

"काय गरज न्हाई बाई. पलटणीत असली फॉर्मं लय भरल्यात. नो प्राब्लेम."

पेन हातात घेतलं आणि तो अडला. खूण करायची, पण कसली? आख्ख्या आयुष्यात छापील कागद घेऊन तो एकटा उभा राहिला होता तो फक्त मतदानाच्या आडोशामागं. तिथं खूण ठरलेली. पाहिजे त्या चिन्हापुढं फुली. निवडणूक आली की गल्लीबोळातून माणसं ओरडत फिरायची, फुली कुठं मारायची, आणि सगळं गाव उत्तर द्यायचं. पाहिजे तिथं फुली, नको तिथं मोकळं. त्याला शंका घ्यायला जागाच नव्हती. वरून मोजत गेला. चार फुल्या मारल्या, पाचवी चौकट मोकळी ठेवली, मग तीन फुल्या. रंगांच्या तक्त्यात मोतियापुढं तर चांगली ठसठशीत मारली. बाकीचे पाच रंग कोरे.

गोदावरीनं कागद ओढून घेतला आणि चष्मा सारखा केला.

"सगळ्यांवर फुली?"

"व्हय."

"मोतियावरसुद्धा?"

"त्याच्यावर तर आधी. नीट बघून मारलीया."

"आणि हीटर मोकळा ठेवायचा, नक्की ना मामा?"

"मोकळाच. आवं, लिवलंय तसं पाठवा की! किती इचारताय!"

मघाशी ऐकलं ते वेगळं होतं, पण गिऱ्हाईकच एवढं ठासून सांगतंय म्हटल्यावर तिनं पुढं विचारलं नाही. आप्पासो बाहेर आले, न बघता सही केली, आणि तिनं तो कागद टाइप करून कारखान्याकडं रवाना केला. परतीच्या वाटेवर जोतीराम जीप चालवता चालवता शीळ घालत होता. फॉर्म भरला होता की नाही त्यानं, एकट्यानं, इंग्रजी!

गाडी आली ती लग्नाला आठ दिवस असताना. तिघं परत सांगलीला गेले. एजन्सीच्या आवारात ती ताडपत्रीखाली उभी होती. तात्यांनी स्वतःच्या हातानं ताडपत्री ओढली.

गाडी शेवाळी होती. जोतीरामनं तो रंग लगेच ओळखला. पंधरा वर्षं त्याच रंगाच्या ट्रकात बसला होता तो.

हंबीररावानं दार उघडलं. रेडिओच्या जागी नुसती पत्र्याची चकती. पडदे नाहीत, कव्हरं नाहीत, कॅरियर नाही. हॉर्न दाबला तर शेरडाच्या करडासारखा बारीक आवाज. मग त्यानं खालचं एक बटण फिरवलं आणि त्याच्या पायावर भसकन गरम वारा आला. बाहेर वैशाखाचं ऊन, आणि आत शेगडी चालू! दुसरी कुणाची गाडी असती तर जोतीराम पोट धरून हसला असता.

"तात्या, आमची चेष्टा करताय व्हय?" हंबीरराव खाली उतरून ओरडला. "नवरी आणायची हाय, का बंदुका?"

तात्या धावत आत गेले, टाइप केलेली प्रत घेऊन आले. तीत तसंच होतं. मोतिया सोडून कुठलाही रंग. हीटर पाहिजे, बाकी काही नको. तात्यांनी गोदावरीला बाहेर बोलावलं, आवारात, मेकॅनिक आणि शिपाई उभे होते त्यांच्यासमोर.

"फॉर्मवर तसंच होतं," ती म्हणाली. "फुल्या होत्या. मी विचारलंही होतं यांना."

सगळ्यांनी जोतीरामकडं बघितलं.

त्या क्षणाला त्याला कळलं. ह्या कागदात फुली म्हणजे नको, वरती तसं छापलेलंच असणार. मतपत्रिकेत पाहिजे आणि ह्यात नको, एकच खूण आणि दोन अर्थ. आणि जी बाई 'वाचून दाखवू का' म्हणाली होती तिला हे ठाऊक होतं, आणि त्याला नव्हतं. एकच वाक्य बोलायचं होतं, चुकलं माझं, मला वाचता येत नाही. शिपाई बघत होता, मेकॅनिक बघत होते, हंबीरराव बघत होता.

"म्या बराबर भरला हुता," जोतीराम म्हणाला. "पायजे तिथं पायजेचीच खूण केली हुती. बाईंनी उलटं वाचलं आसंल." आणि एवढ्यावर न थांबता वर म्हणाला, "मिस्टेक हुती. व्हतंय कवा कवा."

हाताला काहीतरी चाळा पाहिजे म्हणून त्यानं गाडीत ठेवलेलं माहितीचं पुस्तक उचललं होतं आणि ते उघडून त्यात डोळे घातले होते. गोदावरीनं त्याच्याकडं बघितलं, मग पुस्तकाकडं. ती दोन पावलं पुढं आली. "बघू," म्हणून तिनं पुस्तक घेतलं, एक पान चाळल्यासारखं केलं आणि परत त्याच्या हातात दिलं. देताना सुलटं करून दिलं.

मग तात्यांकडं वळून म्हणाली, "माझीच नजरचूक झाली असेल."

जोतीराम पुस्तक धरून तसाच उभा. जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण जमीन अशा वेळी कुणाला घेत नाही. समोर तात्या तिला काय काय बोलले. बाईमाणसाला नोकरीवर ठेवलं इथंच चुकलं, म्हणाले. ती खाली बघून ऐकत होती. आप्पासो गाडीच्या चाकाकडं बघत होते. एक शब्दही न बोलता ते जीपमध्ये जाऊन बसले.

लग्न पार पडलं. सांगलीच्या एका पेंटरनं दिवसरात्र खपून गाडी मोतिया करून दिली. लांबून कुणाला काही कळायचं नाही. पण दार उघडलं की कडेला बोटभर शेवाळी पट्टी दिसायची. विजयमालासाठी दार उघडायचं काम जोतीरामचं. दर खेपेला ती पट्टी त्याच्या डोळ्यांसमोर यायची, आणि दर खेपेला तो दार जरा लवकरच लावायचा.

दोन महिन्यांनी तो गाडीचं ऑइल बदलायला एजन्सीत गेला. येताना त्यानं मनाशी ठरवलं होतं, बाई एकटी दिसली तर काहीतरी बोलायचं. निदान बरं आहे का एवढं तरी. तिच्या टेबलाशी दुसराच कुणी टाइप करत होता.

"बाई कुटं हायत?" त्यानं शिपायाला विचारलं. हरिबा त्याचं नाव, म्हातारा माणूस.

"काढली की तिला. तुमची गाडी न्हेली त्याच सांजंला." हरिबानं तंबाखू मळता मळता सांगितलं. "घरी बाप अर्धांगानं खाटंवर. गंगाधरपंत म्हणून मास्तर हुते. हिच्या पगारावर चूल. काय करती काय म्हाईत."

जोतीरामला वाटलं होतं, चार बोल खाल्ले, संपलं. माणूस स्वतःला असंच सांगतो ना! ऑइल न बदलता तो निघाला. घरी अंजनानं भाकरी वाढली, ती तशीच राहिली. बायकोला काय सांगणार? की मी एका बाईच्या अन्नात माती कालवून आलोय, कशासाठी, तर माझ्या टोपीसाठी? पुढं पंधरा दिवस तो तारा घ्यायला पारावर बसला नाही. कुणी कागद पुढं केला की म्हणायचा, डोळं आल्यात.

शेवटी एक दिवस त्यानं टोपी घरीच ठेवली, एस.टी. पकडली आणि तात्यांच्या केबिनमध्ये उभा राहिला.

"तात्या, त्या फॉर्माची चूक बाईंची न्हवती. फुल्या म्याच मारल्या हुत्या. मला वाचता येत न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं हे वाक्य उच्चारलं. आभाळ कोसळेल असं त्याला वाटत होतं. तात्यांनी नुसतं फाइलमधून वर बघितलं.

"असं तोंडी काय उपयोग? मी कारखान्याला तिची चूक म्हणून कळवून बसलोय. लिहून द्या."

जोतीरामनं दोन्ही हात मागं घेतले.

"लिहून द्या म्हटलं ना."

"आवं, त्येच तर सांगतुय. येत न्हाई."

"मग आणा कुणाकडनं तरी लिहून," तात्या म्हणाले आणि परत फाइलमध्ये शिरले.

मामलेदार कचेरीसमोरच्या झाडाखाली अर्ज लिहून देणारे बसतात. त्यातल्या एकानं कागद घेतला, टाक बुडवला आणि विचारलं, "बाईंचं पूर्ण नाव?" जोतीरामला ते ठाऊक नव्हतं. ज्या बाईची नोकरी घालवली तिचं साधं आडनाव त्याला माहीत नव्हतं. तो उठला. हरिबाकडून पत्ता घेतला आणि गावभागातल्या एका बोळात दोन खोल्यांच्या घरापुढं जाऊन उभा राहिला.

गोदावरी जमिनीवर बसून मेतकुटाच्या पुड्या बांधत होती. आत खाटेवर म्हातारे पडून होते. तिनं त्याला ओळखलं. तोंड वाकडं केलं नाही, दार लावलं नाही. तेवढं केलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं.

"या मामा. बसा."

तो उंबऱ्याच्या बाहेरच बसला. "तुमचं पूर्ण नाव पायजे हुतं," म्हणाला आणि एकदम हुंदकाच आला त्याला. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, बुटाच्या नाडीकडं बघत रडायला लागला. मग तुटक तुटक सगळं सांगितलं. मतदानाची फुली, तात्या, अर्जवाला.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "पुस्तक उलटं होतं."

"मग बोलला का न्हाईसा?"

ती पुडीचा दोरा गुंडाळत राहिली. "वाटलं, दोन बोल ऐकून घ्यावेत, काय होतं. एवढ्या लोकांत तुम्हाला... बरं दिसलं नसतं ते. नोकरी जाईल असं नव्हतं वाटलं. ते माहीत असतं तर कदाचित बोलले असते." मग खरं तेच सांगावं म्हणून पुन्हा म्हणाली, "नक्कीच बोलले असते."

ती उठली, हात धुतले, कागद आणि दौत घेऊन आली. "सांगा. मी लिहिते."

"तुमी?"

"अर्जवाल्यापेक्षा माझं अक्षर चांगलं आहे."

तर असा तो अर्ज झाला. जिचं नुकसान केलं तीच लिहायला बसली, आणि ज्यानं केलं तो उंबऱ्याबाहेरून सांगत होता. फुल्या मी मारल्या. बाईंनी वाचून दाखवते म्हटलं, मी नको म्हटलं. बाईंनी तीनदा विचारलं. आवारात मी खोटं बोललो. टाक कुठं थांबला नाही, तिनं शब्द फिरवला नाही, मऊ केला नाही.

"आन पुडं लिवा," तो म्हणाला. "बाईंना समजलं हुतं की मला वाचता येत न्हाई. तरी त्यांनी माजं पुस्तक सुलटं करून दिलं आन चूक आपल्या अंगावर घेतली."

"ते राहू दे."

"लिवा बाई. ते न्हाई लिवलं तर बाकीचं काय बी लिवू नगा."

इथं मात्र टाक थांबला. आत खाटेवर म्हातारे खोकले. मग तिनं ते लिहिलं, अर्ज पहिल्यापासून वाचून दाखवला आणि टाक पुढं केला. "सही येते ना तुम्हाला?"

"येती. पर ती काढल्याली सही हाय. चित्रावाणी. ती नगं." त्यानं डाव्या अंगठ्याला शाई लावून घेतली आणि कागदावर टेकला. शेजारी तिनं लिहिलं, निशाणी अंगठा, जोतीराम याची. तेही त्याला वाचून दाखवलं.

तात्यांनी अर्ज उभ्या उभ्या वाचला. घडी घातली, खणात टाकला, खण लावला. "वाईट झालं खरं. पण आता जागा भरलीय हो. त्या नव्या माणसाला मी कुठल्या तोंडानं काढू?"

"तिला काढलं की तुमी! तिला कुटल्या तोंडानं काढलं?"

तात्यांनी घंटी वाजवली आणि हरिबा जोतीरामला दारापर्यंत पोचवायला आला.

दिवस कलायच्या आत जोतीराम गावात उतरला. पारावर आप्पासो चार माणसांत बसले होते. जोतीराम सरळ तिकडं चालत गेला. आता काय राहिलं होतं? गावासमोरही एकदा बोलून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. नोकरी जाऊ दे, लोक थुंकू देत, तेवढी तर शिक्षा झाली पाहिजे. तेवढ्यात धोंडुबाई काठी टेकत आली आणि तिनं सवयीनं तार पुढं केली.

"काकू," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "मला वाचता येत न्हाई. कवाच येत न्हवतं. ह्या आजवरच्या तारा म्या अंदाजानं सांगितल्या."

धोंडुबाईनं तार परत कनवटीला लावली.

"ठावं हाय की रं लेकरा."

"म्हंजी?"

"तुझ्या हातात दिली की जिवाचं पाणी व्हायचं थांबायचं. पलटणीतला गडी, हसून बोलायचास. मग जायची मास्तराकडं, वाचून घ्यायला."

पारावरची माणसं हसली. वाईट नाही, घरचं हसावं तशी. एकजण म्हणाला, "आरं गड्या, आख्ख्या गावाला ठावं हाय. तुजी टोपी बगून कोण बोलत न्हवतं एवढंच." दुसऱ्यानं बसायला जागा करून दिली.

जोतीराम बसला नाही. तो आप्पासोंकडं बघत होता.

"आप्पासो, तुमाला बी?"

"तू जीपीवर आलास त्याच म्हैन्यात." आप्पासोंनी मान वर केली नाही. "इंग्रजी पावती वाचून दाखव म्हटलं तर तू म्हणालास, टायरात हवा कमी हाय."

"मग त्या दिशी... सांगलीला, आवारात. तुमाला ठावं हुतं चूक कुणाची ती. तुमी गप का बसलासा?"

माणसं हसायची थांबली. आप्पासोंनी पायातला जोडा सारखा केला.

"काय करू रं? एवढ्या लोकांत तुजी अब्रू गेली असती. राखावी म्हटलं."

जोतीरामच्या डाव्या अंगठ्यावरची शाई अजून गेली नव्हती. त्यानं तो हात दुसऱ्या हातात घट्ट धरला.

"राखायची न्हवती वो आप्पासो," तो म्हणाला. "ती बाई पुड्या बांधतीया."